तिथी भिंतीवर, उजेड गच्चीवर

मराठेशाहीच्या निशाणाचे नाव मिरवणाऱ्या जरीपटक्यात नवे वर्ष एकदाच लागत नाही. १ जानेवारीला लागते, गुढीपाडव्याला लागते आणि बहुतेक वेळा पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी, चेटीचंडला, पुन्हा लागते. उत्तर नागपुरातली ही वस्ती १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी भरली. शेजारीच इंदोरा आणि आंबेडकरी चळवळीचे जुने मोहल्ले. त्यामुळे या एका टापूत जानेवारीत लाल लोई पेटते, एप्रिलमध्ये निळे झेंडे लागतात, वैशाख पौर्णिमेला विहारांकडे पांढऱ्या कपड्यांची रीघ लागते आणि भाद्रपदात गणपतीचे मांडव पडतात. एका कुटुंबाची सुट्टी संपत नाही तोच शेजाऱ्याची सुरू होते.

सण कधी आहे, असे कुणी विचारले की आपण भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो. कॅलेंडरवाल्याने तो पंचांगातून घेतलेला असतो आणि पंचांगकर्त्याने आकाशातून, म्हणजे सूर्य कुठे आणि चंद्र कुठे या गणितातून. बहुतेक सणांच्या तारखा अशा रीतीने उजेडानेच ठरवून दिलेल्या आहेत. आपण मात्र त्या दिवशी कपडे बघतो, मिठाई बघतो, मिरवणूक बघतो. उजेड तेवढा बघायचा राहून जातो. माझे म्हणणे एवढेच की सण हे उजेडाकडे बघण्याचे आयते मुहूर्त आहेत. ते फुकट घालवू नयेत.

सुरुवात थंडीतून करू. १३ जानेवारीच्या रात्री सिंधी घरांसमोर लाल लोईची लाकडे पेटतात. दुसऱ्या दिवशी मराठी घरांत तिळगूळ, काळी साडी, नव्या सुनेच्या अंगावर हलव्याचे दागिने. पांढरा हलवा काळ्यावर उठून दिसतो आणि काळे कापड ऊन शोषून ऊब देते, ही दोन्ही कारणे पटण्यासारखी. पण ‘संक्रांतीपासून दिवस मोठा होतो’ हे वाक्य जरा जपून घ्यावे. नागपुरात सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, साधारण १० तास ५० मिनिटांचा. संक्रांत येईस्तोवर तो सात-आठ मिनिटांनी वाढलेलाही असतो. तरीही सकाळी शाळेच्या ऑटोची वाट बघत कुडकुडणाऱ्या पोराला वाटते की अंधार वाढलाय, आणि पोराचेच बरोबर असते. २२ डिसेंबरला नागपुरात सूर्य ६ वाजून ४६ मिनिटांच्या सुमारास उगवतो. १४ जानेवारीला ६ वाजून ५३ मिनिटांनी. वाढलेली सगळी मिनिटे संध्याकाळच्या खात्यात जमा होतात आणि सकाळ उलट तोट्यात जाते. वर्षातला सर्वांत लवकरचा सूर्यास्त तर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच, साडेपाचच्या आसपास, होऊन गेलेला असतो.

याचे कारण पृथ्वीच्या चालीत आहे. तिची कक्षा नेमकी वर्तुळाकार नाही. जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि त्या दिवसांत जोरात पळते. त्यात तिचा आस कललेला. या दोहोंमुळे डिसेंबर-जानेवारीत खरी मध्यान्ह घड्याळाच्या मानाने रोज जवळपास अर्ध्या मिनिटाने मागे पडत जाते, आणि तिच्याबरोबर सूर्योदय-सूर्यास्तही उशिरा होत जातात. घड्याळ कुणासाठी थांबत नाही.

शिवाय संक्रांत म्हणजे सूर्याने ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मकर राशीत शिरणे. दिवस लहान-मोठा होणे हा ऋतूंचा हिशेब. हे दोन हिशेब साधारण ७२ वर्षांत एका दिवसाने एकमेकांपासून सुटतात. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि त्या दिवशी मकर संक्रांत होती. आता ती १४ किंवा १५ ला येते. सण हळूहळू सरकतो आहे आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण तिळगूळ त्याच चवीचा असतो.

फाल्गुनात विदर्भातला पळस पेटून विझतो, होळीचा रंग अंगावरून उतरतो आणि चैत्र लागतो. चैत्र शुद्ध द्वितीयेला चेटीचंड, सिंधी समाजाचे दैवत झूलेलाल यांचा जन्मदिवस. जरीपटक्यात त्या दिवशी ‘आयोलाल, झूलेलाल’चा गजर, टिपऱ्यांचा छेज, गोड भाताची ताहिरी आणि बहराणा साहिब. बहराण्याचे ताट जवळून बघण्यासारखे असते. मधोमध कणकेचा दिवा, त्यात पाच वाती. भोवती खडीसाखर, वेलदोडे, सुकामेवा, फळे. शेजारी कलश आणि नारळ. मिरवणूक उन्हात निघाली तर त्या दिव्याच्या ज्योती जवळजवळ दिसत नाहीत. वरची हवा थरथरते तेवढ्यावरून त्या पेटल्या आहेत हे कळते. उन्हे उतरली की त्याच ज्योती पिवळ्याधमक होतात. त्या वेळी वाकून बघा. वातीच्या अगदी बुडाशी निळी कड असते, वर पिवळा भाग. बुडाशी हवा भरपूर मिळते, तिथे ज्वलनात तयार होणारे रेणूच निळा उजेड देतात. वर हवा अपुरी पडते. न जळलेल्या काजळीचे बारीक कण तापून पिवळे होतात. दिव्याचा जो उजेड आपण मंगल मानतो तो मुख्यतः तापलेल्या काजळीचा. काजळ धरायला ज्योतीवर ताटली पालथी घालणाऱ्या आजीला हे पुस्तकाशिवाय ठाऊक होते.

पण चेटीचंडची खरी गंमत पश्चिमेला आहे. सण चंद्राचा, तर चंद्र बघायला हवा. सूर्य मावळल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने गच्चीवर जाऊन, सूर्य जिथे बुडाला त्याच्या सरळ वर नजर न्यायची. बारीक कोर दिसते आणि ती उभी नसते. होडीसारखी आडवी पडलेली असते, दोन्ही टोके आभाळाकडे. चंद्राची उजळ बाजू नेहमी सूर्याकडे असते. सूर्य क्षितिजाखाली गेलेला आणि चंद्र त्याच्या बरोबर माथ्यावर असेल, तर उजेड खालून पडणार आणि कोर आडवीच दिसणार. नागपूर २१.१५ उत्तर अक्षांशावर आहे. मार्चअखेरीच्या संध्याकाळी सूर्य-चंद्राचा आकाशातला मार्ग इथे पश्चिम क्षितिजाशी जवळजवळ काटकोन करतो, ९२ अंशांच्या आसपास. सप्टेंबरअखेरीच्या संध्याकाळी हाच कोन ४५ अंशांपर्यंत पडतो आणि कोर तिरपी होते. म्हणजे आडव्या कोरीसाठी चैत्र-वैशाखाइतका चांगला काळ नाही. मार्ग उभा असल्यामुळे चंद्र क्षितिजापासून वर राहतो, उशिरा मावळतो आणि म्हणून दिसतोही सहज. सिंधू नदीच्या नावाड्यांच्या दैवताचा सण आणि त्या संध्याकाळी ही अशी कोर! यातून गूढ अर्थ काढायचे कारण नाही. पण बघायला काय हरकत आहे?

तुलना करायची तर भाद्रपदातली कोर बघावी. तेव्हा मात्र आपण गणेश चतुर्थीला चंद्र बघायचा नाही म्हणून माना खाली घालून चालतो. तिरप्या कोरीकडे महाराष्ट्राचे लक्ष कमी जाते, त्याला गणपतीबाप्पाही थोडा जबाबदार असावा.

कोर बघताना आणखी एक गोष्ट दिसते. कोरीच्या आतला उरलेला काळा चंद्रही पुसटसा, राखाडी दिसतो. हा उजेड सूर्याकडून थेट चंद्रावर पडलेला नाही. सूर्याचा उजेड पृथ्वीवर पडतो, आपले समुद्र आणि ढग तो परत फेकतात, तो चंद्राच्या अंधाऱ्या भागावर पडतो आणि तिथून पुन्हा आपल्या डोळ्यांत येतो. लिओनार्दो दा विंची याने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला हे कारण ओळखून आपल्या वहीत लिहून ठेवले होते. त्या घडीला चंद्रावर कुणी उभे असेल तर त्याला आकाशात जवळजवळ पूर्ण, भरगच्च पृथ्वी दिसेल. आपल्याकडे द्वितीया, तर त्याच्याकडे पृथ्वीची पौर्णिमा नुकतीच सरलेली.

चेटीचंडनंतर थोड्याच दिवसांत १४ एप्रिल येतो आणि इंदोऱ्यापासून जरीपटक्यापर्यंत निळा रंग पसरतो. ही तारीख चंद्रावर चालत नाही, ती एका माणसाच्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या, जन्माची आहे. निळ्याचेही नागपूरशी नाते आहे. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना जुलै १९४२ मध्ये नागपूरच्याच परिषदेत झाली आणि तिचा झेंडा निळा होता. निळ्याच्या बरोबरीने बौद्धांचा पंचशील ध्वज असतो: निळा, पिवळा, लाल, पांढरा, नारिंगी आणि शेवटी या पाचांची मिळून एक पट्टी. हा ध्वज १८८५ मध्ये श्रीलंकेत, कोलंबोला तयार झाला.

या पंचशील ध्वजावर एक सुंदर प्रयोग करता येतो. १४ एप्रिलला नागपुरात सूर्य साडेसहाच्या थोडा नंतर मावळतो. सहा वाजता पंचशील ध्वजाकडे नीट बघून ठेवा: लाल आणि नारिंगी पट्ट्या डोळ्यांत भरतात, निळी त्यांच्यापुढे गडद वाटते. मग सातच्या सुमारास पुन्हा बघा. मात्र रस्त्यावरच्या दिव्याखाली नको, गच्चीवरच्या अंधाऱ्या कोपऱ्यातून. आता लाल पट्टी काळपट पडलेली असते आणि निळी तिच्या मानाने उजळ झालेली. ध्वज तोच असतो, बदललेला असतो आपला डोळा. डोळ्याच्या पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकूपेशी भरपूर उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. त्यांना पिवळट हिरव्याच्या आसपासचा उजेड सर्वांत तेजस्वी वाटतो. दंडपेशी मंद उजेडात जाग्या होतात. त्यांचा कल निळ्या-हिरव्याकडे आणि लाल तर त्यांना जवळपास दिसतच नाही. संध्याकाळी एका पाळीचे कामगार जातात, दुसऱ्या पाळीचे येतात. या मधल्या घडीत लाल विझतो आणि निळा उरतो. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने पहाटेच्या उजेडात फुले बघताना हा फरक टिपला आणि १८२५ मध्ये छापला. त्याच्या नावाने तो आजही ओळखला जातो.

दंडपेशींना पुरते जागे व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात. मध्ये एकदा जरी मोबाईलचा पडदा उघडला तरी पहिल्यापासून सुरुवात. नव्या पिढीला पुर्किन्येचा प्रयोग अवघड जातो तो बहुधा यामुळेच.

आता जरा बाजारात येऊ, कारण रंगाचे सर्वांत कडक परीक्षक तिथे भेटतात. जरीपटक्याचा बाजार कापडासाठी नागपूरभर ओळखीचा. लग्नसराईत इथल्या एखाद्या मॅचिंग सेंटरच्या दारात दहा मिनिटे उभे राहावे. भिंतभर ब्लाउजपीसचे गठ्ठे, वरून खालपर्यंत रंगांच्या उतरंडीने लावलेले. पिशवीतून साडीचा पदर निघतो.

“भाऊ, याच्यावर दाखवा न. रामा कलर आहे.”

“ताई, रामा नाही, मोरपिशी आहे हा. हे बघा, सेम टू सेम.”

“सेम कुठे? जरा उजेडात घ्या न.”

मग साडीचा काठ आणि ब्लाउजपीस दोन्ही दुकानाबाहेर, पायरीवर, उन्हात जातात. आत एकजीव वाटलेले दोन तुकडे बाहेर फटकन वेगळे दिसतात: एक हिरव्याकडे झुकलेला, एक निळ्याकडे. ताई विजयी मुद्रेने आत येतात, भाऊ निमूट दुसरा गठ्ठा काढतात. राणी, मजेंटा, डाळिंबी, आमसुली, अबोली, शेवाळी, पोपटी, चिंतामणी, गाजरी: एवढ्या नावांचा हा शब्दकोश ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांना दुकानातला उजेड फसवू शकत नाही. आणि उजेड फसवतो, हे शास्त्रालाही मान्य आहे.

होते असे, की कापडाला स्वतःचा रंग नसतो. त्यावर पडलेल्या उजेडातले काही भाग ते गिळते, काही परत करते. साडीचा रंग एका रसायनाचा, ब्लाउजपीसचा दुसऱ्याच. दोन्हींची गिळण्याची रीत वेगळी. पण आपल्या डोळ्यात शंकूपेशींचे प्रकार तीनच. समोरून उजेडाचा कितीही गुंतागुंतीचा ऐवज आला तरी मेंदूकडे तीनच आकडे पोहोचतात. एका विशिष्ट उजेडात दोन वेगळ्या कापडांचे हे तीन आकडे जुळले की आपण म्हणतो, सेम टू सेम. उजेड बदलला की आकडे बदलतात आणि जुळणी तुटते.

दुकानातला पांढरा एलईडी दिवा तर मुळात पांढरा नसतोच. आत निळा उजेड देणारी चिप असते, तिच्यावर पिवळा उजेड देणाऱ्या द्रव्याचा थर; निळा अधिक पिवळा मिळून डोळ्याला पांढरे वाटते. निळी चिप बनवायला जगाने बराच वेळ घेतला. ती बनवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पण या उजेडात निळ्या आणि हिरव्याच्या मधली पट्टी अशक्त असते आणि गडद लालही कमी. मोरपिशी आणि रामा नेमके त्या अशक्त पट्टीत येतात, राणी आणि डाळिंबी लालाच्या टोकाला. भांडणे याच रंगांवरून का होतात, ते यावरून कळावे. चांगल्या दिव्याच्या खोक्यावर ‘सीआरआय’ नावाचा आकडा छापलेला असतो. १०० म्हणजे रंग दिसण्याच्या बाबतीत पूर्ण भरवशाचा. घरगुती दिवे बहुधा ८० च्या आसपास, ९० च्या वरचे थोडे महाग. साड्यांच्या दुकानदाराने गाद्यांवर नवी खोळ चढवण्याआधी दिवे बदलावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कापडाच्या गिरण्यांत यावर जुना तोडगा आहे. एका बंद पेटीत वेगवेगळे दिवे आलटून पालटून लावतात (एक दिवसाच्या उजेडासारखा, एक दुकानातल्या ट्यूबसारखा, एक जुन्या पिवळ्या बल्बसारखा) आणि तिन्हींत जुळले तरच माल पास. नागपूरला कापडाची परंपरा मोठी. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करण्यात आले, म्हणून गिरणीचे नाव एम्प्रेस. खास दिवस साधण्याचा सोस उद्योगपतींनाही असतो.

नागपूरला रंगाचा आणखी एक अधिकारी माणूस येऊन गेला. चंद्रशेखर वेंकट रामन सरकारी वित्त खात्यात नोकरीला असताना १९१० मध्ये त्यांची इथे बदली झाली होती. पुढे कलकत्त्यात २८ फेब्रुवारी १९२८ ला त्यांनी प्रकाशाच्या विखुरण्याबद्दलचा तो प्रसिद्ध शोध लावला आणि आता तो दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतात. गांधीसागर तलावाजवळचे रामन विज्ञान केंद्र १९९२ पासून त्यांच्या नावाने उभे आहे. म्हातारपणी रामन माणसाला रंग कसे दिसतात यातच रमले. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९६८ मध्ये आले, म्हणजे ऐंशीच्या घरात असताना. फुलांचे रंग तासन् तास न्याहाळणारा हा माणूस मॅचिंग सेंटरमध्ये ताईंच्या बाजूने बोलला असता, यात मला शंका नाही.

शरद ऋतूतले सण इथे लांबवत नाही, एका-दोन गोष्टींपुरते थांबतो. दसऱ्याला दीक्षाभूमीकडे निघालेल्यांची पांढरी वस्त्रे दिसतात, कारण १४ ऑक्टोबर १९५६ ला, विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पांढऱ्या वेषातच धम्मदीक्षा घेतली होती. पावसाने धूळ बसवलेली असते, त्यामुळे आभाळ वर्षातले सर्वांत निळे. त्याच्याखाली पांढरा जेवढा उजळतो तेवढा मे महिन्यातल्या धुळकट, फिकट आभाळाखाली उजळत नाही. पाच दिवसांनी कोजागिरी. दुधात घातलेल्या केशराचा रंग चांदण्यात दिसतो का, हे बघा. दिसत नाही; चांदणे फक्त दंडपेशींना पुरते आणि त्यांना रंग कळत नाही. केशर टाकल्याचे नाकाला कळते, तेवढ्यावर समाधान मानावे. दिवाळीला सिंधी घरांत हटडीची पूजा आणि बाहेर एलईडीच्या माळा. माळ घेताना खोक्यावरचा उजेडाच्या छटेचा, केल्व्हिनचा, आकडा वाचा. पणतीची ज्योत दोन हजारांच्या आतबाहेर, ‘वॉर्म व्हाइट’ २,७०० ते ३,०००, ‘कूल डेलाइट’ ६,५००. पणत्यांच्या ओळीशेजारी ६,५०० ची माळ लावली की पणत्या मळकट दिसतात. पणत्यांची त्यात काही चूक नसते.

आता राहिला तो दिवस, जो बहुतेक भिंतींवरच्या कॅलेंडरांवर नसतो, ज्याला कुणी गोडधोड करत नाही आणि जो या सर्वांत निखळ उजेडाचा आहे: शून्य सावलीचा दिवस.

भर दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो, हे शाळेतले वाक्य नागपुरात दोन अर्थांनी खोटे आहे. एक तर बाराला नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची, नागपूर ७९.१ वर, म्हणजे पश्चिमेला. सूर्याला एका रेखांशावरून पुढच्यावर यायला चार मिनिटे लागतात, त्यामुळे इथली मध्यान्ह सरासरीने १२ वाजून १३-१४ मिनिटांनी होते. पृथ्वीच्या चालीमुळे त्यात वर्षभर थोडी मागे-पुढे. दुसरे म्हणजे, मध्यान्हीलाही सूर्य बरोबर डोक्यावर क्वचितच असतो. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून जानेवारीत गच्चीवर दुपारीही लांब सावली मिळते आणि पापड-कुरडयांना मार्चची वाट बघावी लागते. वसंतात तो रोज थोडा थोडा उत्तरेकडे सरकतो. ज्या दिवशी त्याचे उत्तरेकडचे अंतर आणि आपला अक्षांश जुळतात, त्या दिवशी मध्यान्हीला तो अगदी माथ्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखाली शिरते. नागपुरात हे २६ मेच्या सुमारास घडते, १२ वाजून १० मिनिटांनी. परतीच्या वाटेवर पुन्हा १७ जुलैच्या आसपास, १२ वाजून २० मिनिटांनी. पण तेव्हा बहुधा ढग असतात.

तारखेकडे जरा बारकाईने बघा. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नवतपा सुरू होतो, नऊ दिवसांचा. विदर्भात नवतप्याची ओळख करून द्यायची गरज नाही. दुपट्टा डोक्याला गुंडाळल्याशिवाय त्या दिवसांत कुणी बाहेर पडत नाही. नवतप्याचा दुसरा दिवस आणि शून्य सावलीचा दिवस सध्या एकच आहे. सूर्य माथ्यावर, जमीन कोरडी, आभाळ मोकळे, पाऊस अजून दूर. तापणार नाही तर काय? पण हा मेळ कायमचा नाही. नवतपा ताऱ्यांवर चालतो, सावली ऋतूवर. संक्रांतीसारखाच नवतपाही सरकत जाणार आणि सावलीचा दिवस आहे तिथेच राहणार.

या दोन तारखांच्या मध्ये आणखी एक मौज असते. २६ मे ते १७ जुलै एवढ्या काळात नागपुरात मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते. चित्रकार उत्तरेच्या खिडकीचा उजेड चांगला मानतात, कारण तिथून थेट ऊन येत नाही. युरोपात मध्यान्हीपुरते तरी ते बारा महिने खरे. इथे त्या सात-आठ आठवड्यांत उत्तरेची खिडकीही उन्हाला दाद देते.

प्रयोगाला सामान लागत नाही. स्टीलचा सरळ उभा ग्लास, पाण्याच्या पाइपाचा तुकडा किंवा बाटली चालेल. गच्चीची फरशी उताराची असते, म्हणून खाली पाट ठेवून तो समपातळीत करून घ्यावा. घरात बांधकाम सुरू असेल तर गवंड्याचा ओळंबा मागावा. तारीख एका दिवसाने चुकली तरी बिघडत नाही. त्या सुमारास सूर्य रोज साधारण एकषष्ठांश अंशच सरकतो, त्यामुळे एक मीटर उंच काठीची मध्यान्हीची सावली फक्त तीन मिलिमीटर निघते. वेळ मात्र चुकवू नये. दहा मिनिटे उशीर झाला की त्याच काठीची सावली चार सेंटीमीटर होते. ‘येतेच, कुकरची शिट्टी होऊ दे’ म्हणाल तर गेले वर्ष.

महाराष्ट्रात हा दिवस दक्षिणेकडून उत्तरेकडे चढत जातो. कोल्हापूरला मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्याला १३-१४ मेला, मुंबईला १५ मेच्या सुमारास आणि मग विदर्भात. कर्कवृत्ताच्या, म्हणजे साधारण साडेतेवीस अंशांच्या, पलीकडे मात्र तो कधीच पोहोचत नाही. दिल्लीला नाही, लखनौला नाही. कराची, हैदराबाद, सक्कर, शिकारपूर ही सिंधमधली शहरेही त्या रेषेच्या उत्तरेलाच. तिथे भर उन्हाळ्यातही मध्यान्हीच्या सूर्याला दक्षिणेकडचा कल राहतो आणि सावली थोडी का होईना उरते. तिथून निघून जरीपटक्यात आलेल्या माणसांनी घर बदलले, भाषा जोडली, धंदा नव्याने मांडला आणि त्यांच्या नकळत एक गोष्ट जास्तीची मिळाली: वर्षातून दोनदा सावली न पडणारी दुपार.

तेव्हा कॅलेंडरवर २६ मेभोवती पेनाने गोल करून ठेवा. १२ वाजून ५ मिनिटांनी दुपट्टा गुंडाळून, पायांत चपला घालून, ग्लास घेऊन गच्चीवर जा आणि घरातल्या पोरांना सोबत न्या. सूर्याकडे बघायचे नाही, फरशीकडे बघायचे. १२ वाजून १५ मिनिटांनी सगळ्यांनी खाली यावे. त्यानंतर वर थांबण्यासारखे काही नसते.